गोण्याला आधीच कळलं होतं

४ ऑक्टोबर

प्रति,
‘काडी आणि गोण्या’ या पुस्तकमालेचे लेखक,
द्वारा प्रकाशक

विषय : आपल्या पुस्तकावरून बसवलेल्या शाळेच्या नाटकात एक वाक्य वाढवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी सहावीत शिकणाऱ्या एका मुलीचा पालक आहे. तिच्या शाळेत यंदा आपल्या ‘चषक गेला कुठे?’ या पुस्तकावर नाटक बसवलं जात आहे. काडी हा सडपातळ, हुशार गुप्तहेर आणि गोण्या हा त्याचा जाडा, ढ मदतनीस, हे आपल्याला सांगायला नको. आपणच त्यांना जन्माला घातलं आहे. आमच्या मुलीला गोण्याचं काम मिळालं आहे. त्यासाठी काही परीक्षा वगैरे झाली नाही. नाटकाच्या बाईंनी वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि निवड झाली.

मुलीची तक्रार कामाबद्दल नाही, पुस्तकाबद्दल आहे.

दुसऱ्या प्रकरणात मुख्याध्यापक चषकाची पेटी सभागृहातून खाली कोठीच्या खोलीत ठेवायला सांगतात. ती गोण्या उचलतो. आपण लिहिलं आहे की त्याने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि जिना उतरेपर्यंत तो घामाने निथळत होता. सहाव्या प्रकरणात, बक्षीस समारंभाच्या दिवशी, तीच पेटी तोच गोण्या वर आणतो. इथे आपण लिहिलं आहे की त्याच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात केळं. समारंभात पेटी उघडतात तर आत चषक नाही. सभागृहाच्या दारावर बसलेल्या शिपायावर आळ येतो. पुढे नवव्या प्रकरणात काडी कोठीतल्या धुळीवरचे ठसे बघून सिद्ध करतो की चषक पेटी वर यायच्या आधीच गेला होता, म्हणजे शिपाई निर्दोष.

मुलीचं म्हणणं असं की ज्याने पेटी दोन्ही वेळा उचलली त्याला हे सहाव्या प्रकरणातच कळलं असणार. मग शिपायाला तीन प्रकरणं पोलीस चौकीत बसवून ठेवायचं कारण काय?

तिला गोण्याच्या तोंडी एकच वाक्य हवं आहे. ‘ही रिकामी आहे.’ बाई म्हणाल्या, छापलेलं आपण बदलू शकत नाही, लेखकाची लेखी परवानगी आणा. म्हणून आपल्याला त्रास देत आहे.

मी स्वतः पुस्तक वाचलेलं नाही. मुलीने सांगितलं तसं लिहिलं आहे.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. घरचा पत्ता खाली आहे तो फक्त नियम म्हणून.

आपला,
एक पालक

ता. क. आपल्या नव्या पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या फोटोत आपण फार वाळलेले दिसता. दोन वेळा वेळेवर जेवत जावं. ही सूचना पालक म्हणून नाही.


२२ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठव म्हटलं तर नेमकं घरच्या पत्त्यावर पाठवलंस. ‘दादा, अक्षर ओळखलं. परवानगी आहे. हवं ते बदला.’ नऊ वर्षांनी आठ शब्द.

नशीब माझं की कार्ड माझ्याच हातात पडलं. कारण मुंगीला काही माहीत नाही. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती, साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून तूच तिला मुंगी म्हणायला लागलास. आता ती सहावीत आहे आणि अंगाने माझ्यावर गेली आहे. काडी-गोण्याचा लेखक तिचा सख्खा काका आहे हे तिला आम्ही सांगितलेलं नाही. पुस्तकांवर तुझं नाव वेगळं असतं, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. एक काका आहे, लांब असतो, कामात असतो, एवढंच. तुझ्या वहिनीला हे कधी पटलं नाही. ती म्हणायची, ‘भांडण तुमचं, पोरीचा काका कशाला पळवता?’ मी ऐकलं नाही.

तर, कार्डावर ‘दादा, अक्षर ओळखलं’ होतं तो वरचा भाग मी कात्रीने कापला आणि उरलेला मुंगीला दिला. तिने वाचलं, मागे उलटून बघितलं, पुन्हा वाचलं.

‘हे काय उत्तर झालं?’

‘परवानगी मिळाली की.’

‘परवानगी बाईंना हवी होती, बाबा. मला हे हवंय की माझं बरोबर आहे की नाही. हवं ते बदला म्हणजे त्यांनी पुस्तक उघडून बघितलंच नाही.’

खरंच बघितलं नसशील. तेव्हा आता बघ. पुस्तक काढ, दुसरं आणि सहावं प्रकरण शेजारी शेजारी ठेव आणि पोरीला नीट उत्तर दे. ती असल्या बाबतीत मागे हटत नाही. कुणावर गेली आहे ते देव जाणे.

आणि हो, मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पुस्तक मी वाचलं आहे. सगळी सोळा वाचली आहेत. घरी आणत नाही. एका इमारतीच्या मशीनरूममध्ये, लिफ्टच्या सुट्या भागांच्या कपाटात, ग्रीसच्या डब्यामागे ठेवलेली आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचतो. केळ्याचं मला पहिल्याच वाचनात दिसलं होतं. एकटाच हसलो होतो तेव्हा.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण दोन कप चहा झाला आणि कागद अजून शिल्लक आहे.

तुझ्या दहाव्या पुस्तकाचा कार्यक्रम होता. मी कामावरून थेट आलो, त्याच निळ्या कपड्यांत, खिशात टेस्टर तसाच. आत शिरलो तर भिंतीवर माणसाएवढं चित्र. निळे कपडे, खिशात टेस्टर, डाव्या कानावर मस. तोपर्यंत पुस्तकांत गोण्याचं चित्र कसंबसं असायचं. या वेळी नव्या चित्रकाराला तू माझा फोटो दिला होतास. पोरं चित्राकडे बघायची, माझ्याकडे बघायची. मग एकाने ओरडून सांगितलं, ‘गोण्या आला.’ सगळा हॉल हसला. तुझ्या हातात माइक होता. तू म्हणालास, ‘हो, हाच बरं का तो.’

हे तुला आठवत असेल. पुढचं तू पाहिलं नाहीस. एका पोरीने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘ते म्हणा ना.’ गोण्या प्रत्येक पुस्तकात म्हणतो ते. ‘म्हणजे काय रे काडी?’

आणि मी म्हटलं. तोंड वासून, मान वाकडी करून, अगदी चांगलं म्हटलं. लोक पुन्हा हसले.

तुझ्या बोलण्याचा राग दोन वर्षांत निवला असता. आपण भाऊ आहोत, याहून वाईट बोललो आहोत. पण ते वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि त्याचा राग कुणावर काढायचा ते कळेना. म्हणून तुझ्यावर काढला. फोन उचलला नाही, पत्रं परत केली.

पोरीला उत्तर पाठव. शाळेच्या पत्त्यावर.

दादा


९ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं पाकीट आलं. एक पान मुंगीला आणि अकरा पानं मला. मला वाटलं प्रकाशकाचं काहीतरी चुकून आत गेलं.

आधी मुंगीचं सांगतो. तू तिला लिहिलंस, ‘तुझं बरोबर आहे. केळं मी हसू यावं म्हणून घातलं आणि पेटीच्या वजनाचा विचारच केला नाही. गोण्याला नक्की कळलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.’ तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून कंपासपेटीत ठेवलं आणि म्हणाली, ‘चांगले आहेत हे लेखक.’ मी म्हटलं, असतील.

आता माझी अकरा पानं.

ती मी एका दमात वाचू शकलो नाही. जिन्यात उभा राहून चार वाचली, मग घरात गेलो. तू आठवीच्या त्या परीक्षेबद्दल लिहिशील असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटायचं तू विसरलास. तू तर हेडमास्तरांच्या टेबलावरच्या कागददाबणीचा रंगसुद्धा विसरलेला नाहीस.

तुझ्या बाजूने तू लिहिलंस, आता माझ्या बाजूने मी लिहितो. मी आजारपणात एक वर्ष गमावलं म्हणून आपण दोघं एकाच वर्गात. हौदात पाणी भरायचं ते गणित. पुस्तकातल्या रीतीने दहा ओळी लागायच्या, मी एक चार ओळींची रीत काढली होती आणि आदल्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून तुला शिकवली होती. परीक्षेत दोघांनी तीच वापरली. कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं. हेडमास्तरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले, मग आपल्या दोघांकडे बघितलं. तू काडीसारखा, चष्मा लावलेला. मी हा असा. ते म्हणाले, ‘कोणी कोणाचं पाहिलं हे विचारायची गरज दिसत नाही.’ मी म्हटलं, ‘मी पाहिलं.’ तू गप्प राहिलास.

शिष्यवृत्तीच्या यादीतून माझं नाव गेलं, तुझं राहिलं. वडील म्हणाले, याच्या अंगात ताकद आहे, डोकं चालत नाही तर हात चालतील, आणि महिन्याभरात मी लिफ्टच्या मिस्त्रीकडे लागलो.

तू लिहिलंस की चाळीस वर्षं तुला ते ‘मी पाहिलं’ ऐकू येतं. दादाने माझ्यासाठी शाळा सोडली आणि मी तोंड उघडलं नाही. आणि मग तू ते लिहिलंस, जे वाचून मी पान खाली ठेवलं. ‘तुला ढ लिहिलं की मला बरं वाटायचं. दादा खरोखरच ढ असला तर मी त्याचं काही घेतलेलं नाही. पुस्तकागणिक तुला थोडा थोडा जास्त ढ करत गेलो.’

बारक्या, आता नीट ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही.

मी तुझ्यासाठी शाळा सोडली नाही. मला सुटायचं होतं.

तुला आठवतं ना, त्या बाकांची बैठक आणि डेस्क एकत्र जोडलेले असायचे. मी आत मावायचो नाही, पाय बाहेर काढून तिरका बसायचो, आणि येणारा जाणारा त्यावर अडखळला की दोष माझा. वर्षातून एकदा वजन व्हायचं तेव्हा कारकून सगळ्यांचा आकडा लिहून घ्यायचा, माझा तेवढा मोठ्याने वाचायचा. पण ते चालून गेलं असतं. खरं दुखायचं ते भाषेच्या तासाला. धडे पात्रं वाटून वाचायचे. धड्यात राक्षस आला की माझ्याकडे. ढेरपोट्या सरदार, माझ्याकडे. झोपाळू पहारेकरी, ज्याच्या नाकाखालून चोर जातो, तोही माझ्याकडे. आणि जो बुटका हुशार न्हावी राक्षसाला फसवतो तो दर वेळी तुझ्याकडे. कुणी वाईट हेतूने करत नव्हतं. धड्यात तसंच असायचं, चित्रातही तसंच असायचं, बाईंना वाटायचं पोरांना मजा येईल. त्या शाळेत मी एकदाही शहाण्या माणसाचं वाक्य मोठ्याने वाचलं नाही.

त्या दिवशी ऑफिसचं दार उघडं होतं. हेडमास्तर बोलत होते आणि मला दारातून पलीकडचा रस्ता दिसत होता. एक वाक्य म्हटलं की सुटका आहे हे मला स्वच्छ कळलं. मी ते म्हटलं. तुझा विचार मनात आला असेल, नाही म्हणत नाही. पण आधी माझा आला.

आणि मिस्त्रीकडचा पहिला दिवस सांगतो. त्याने मला सगळ्यात वर, मशीनरूममध्ये नेलं. मोटार चालू होती. मला म्हणाला, ‘पाच मिनिटं ऐक. मग सांग काय दुखतंय तिचं.’ मी ऐकलं आणि म्हटलं, एका बाजूला घासतंय, पण खाली जाताना, वर येताना नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘का असं, तुला काय वाटतं?’ तुला काय वाटतं, असं मला तोपर्यंत कुणी विचारलेलंच नव्हतं. बारक्या, मी त्या दिवशी घरी नाचत आलो होतो. तुला वाटलं मी उसनं हसतोय.

मग हे तुला का नाही सांगितलं? कारण तुझ्या डोळ्यांत उपकार दिसायचा आणि तो मला बरा वाटायचा. खिडकीजवळची जागा माझी, मऊ उशी माझी, सुट्टीत आलास की पहिली भेटवस्तू माझी. मी सगळं घेत गेलो. थोर भावाचं काम मला न मागता मिळालं होतं, ते का सोडू? तूच एकटा काही लिहून फसवत नव्हतास.

मला पुढे शिकायला आवडलं असतं का? असतं. मुंगीची गणितं सोडवताना कधी कधी वाटतं. पण ते हेडमास्तरांकडे लागतं, तुझ्याकडे नाही. तू तेरा वर्षांचा होतास आणि घाबरला होतास. तेव्हा आता ते खाली ठेव. चाळीस वर्षं फार झाली, आणि त्यातलं निम्मं तर माझं होतं.

याचा अर्थ गोण्या माफ झाला असं समजू नकोस. ते वेगळं.

दादा


२४ नोव्हेंबर

बारक्या,

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पाच डिसेंबर आणि नाटक बारा डिसेंबरला, म्हणजे तुझं येणं होत नाही. वाईट वाटलं, पण ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. डॉक्टर सांगेल तेवढंच चाल, तुझ्या मनाने शहाणपणा करू नकोस.

मुंगीला सांगितलं. परवा जेवताना. तुझ्या वहिनीने ताटं वाढली आणि माझ्याकडे अशी बघत बसली की सांगितल्याशिवाय घास उतरला नसता.

‘तुझ्या नाटकाचा लेखक आहे ना, तो तुझा काका आहे.’

‘लांबचा?’

‘लांब राहतो. सख्खा आहे.’

तिने चमचा खाली ठेवला. ‘मग गोण्या कोण आहे?’

बघ, कसं नेमक्या जागी बोट ठेवते. मी म्हटलं, ‘गोण्या म्हणजे मी.’

‘तू?’ ती म्हणाली. ‘तू तर इतकं बोलतसुद्धा नाहीस.’

तुझी वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग सगळं सांगितलं. शाळा, हौदाचं गणित, तो कार्यक्रम, नऊ वर्षं. ती रडेल किंवा रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘मग केळ्याचं तुला आधीपासून माहीत होतं?’

‘होतं.’

‘किती दिवस?’

‘पाच वर्षं झाली असतील.’

‘आणि तू काकाला सांगितलं नाहीस.’

‘नाही.’

‘म्हणजे तूही गोण्यासारखंच केलंस. पेटी हलकी आहे हे माहीत असून गप्प बसलास.’

एवढं बोलून तिने भात मागितला. मला मात्र त्यानंतर जेवण गेलं नाही.

कारण त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली होती. एका आठ मजली ऑफिसात लिफ्ट रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावर अडायची. दार मिटायला लागलं की पुन्हा उघडायचं, पंधरा-वीस मिनिटं हाच खेळ, मग दिवसभर काही नाही. कंपनीच्या इंजिनिअरने दोनदा सर्किट बदललं. मला बोलावलं तेव्हा मी स्टूल घेऊन सकाळी पावणेआठला तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो. आठ वाजता जिन्याच्या खिडकीतून ऊन आलं आणि थेट दाराच्या सेन्सरवर पडलं. लिफ्टला वाटायचं, दारात कुणी उभं आहे. मी खोक्याचा पुठ्ठा फाडून खिडकीला लावला, दार मिटलं. मॅनेजर धावत आला आणि त्याने हात पुढे केला तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरकडे. ‘शेवटी शोधलंत तुम्ही.’ इंजिनिअर काटकुळा, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. तोही ‘हो हो’ म्हणाला. मी नेहमीसारखी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. राग आला नाही. सवय झाली की येत नाही.

काल त्या खिडकीला कायमचा पडदा बसवायला गेलो. काम झालं, सही घ्यायला मॅनेजरकडे गेलो, आणि म्हटलं, ‘एक सांगायचं होतं. उन्हाचं मी शोधलं होतं.’ आवाज जरा जास्तच मोठा निघाला, टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मॅनेजर म्हणाला, ‘अच्छा, तुम्ही होय? मला वाटलं...’ काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. पण रजिस्टर उघडून इंजिनिअरच्या नावापुढे माझंही नाव लिहिलं आणि चहा मागवला.

एवढंच. पण बाहेर पडलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की दोन स्टॉप चालत गेलो.

नाटकाची बातमी : मुंगीने बाईंना सांगितलं आहे की पेटी खरी पाहिजे. पहिल्या प्रवेशात आत विटा आणि दुसऱ्यात रिकामी. पुठ्ठ्याची चालणार नाही, कारण खोटी पेटी उचलली की उचलणाऱ्याला काहीच कळत नाही. बाई म्हणाल्या, ‘अगं पण तुला खरंच उचलावी लागेल.’ ही म्हणाली, ‘तेच तर.’

काडीचं काम एका चष्मेवाल्या बारीक पोराला दिलं आहे. त्याला वाक्यं पाठ होत नाहीत. रोज मुंगी त्याच्याकडून घोकून घेते. त्याने तिला हळूच विचारलं म्हणे, आपण अदलाबदल करू या का? मला वाटलं ही उडी मारेल. ही म्हणाली, ‘नको. मला गोण्याच व्हायचंय. हुशार गोण्या.’

दादा


१४ डिसेंबर

बारक्या,

काल दुपारी मुंगीने तुला फोन लावला आणि चाळीस मिनिटं सोडला नाही. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. तुझा आवाज तिकडून बारीक ऐकू येत होता. ‘हो.’ ‘बरोबर.’ ‘हे मला सुचलं नव्हतं.’ तुझ्या वहिनीने मला खूण केली, जा, घे फोन. मी एकच ताट तीनदा पुसलं. शेवटी घेतला तेव्हा आपण दोघं काय बोललो? गुडघा कसा आहे, टाके कधी काढणार, हवा कशी आहे. तीन मिनिटं. म्हणून लिहितो आहे.

आणि मुंगीने तुला नाटकाचं चुकीचं सांगितलं. ती फक्त स्वतःच्या चुका सांगत होती. मी सहाव्या रांगेत होतो, मी काय पाहिलं ते ऐक.

ती पहिल्यांदा आली तेव्हा लोक हसले. काही केलं नव्हतं तिने, नुसती आली. शर्टाच्या आत उशी घालायची बाईंची कल्पना होती, तिने ती घातली नव्हती, तरी हसले. माझे हात मांडीवर गच्च झाले. तुझी वहिनी हळूच म्हणाली, ‘श्वास घे.’

पहिल्या प्रवेशात तिने विटांची पेटी उचलली. सोंग नव्हतं. लाकूड करकरलं, तिच्या मानेवर शीर आली, पेटी खाली ठेवली तेव्हा धप्प आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. हॉल जरा शांत झाला.

मग समारंभाचा प्रवेश. ती केळं खात आली. पेटीला एक हात घातला आणि जोर लावला, पहिल्यासारखाच. रिकामी पेटी सटकन वर आली, तिचा तोल गेला, ती दोन पावलं मागे धडपडली. हॉल फुटला. जाडं पोर धडपडलं की हसायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. केळं खाली पडलं, आणखी हसले.

ती थांबली. ती ओरडली नाही, घाईने वाक्य उरकलं नाही. पेटी हातात तशीच धरून ती सगळ्यांचं हसून होईपर्यंत उभी राहिली. हसू कमी कमी होत गेलं, कुठेतरी एकजण खोकला, मग काहीच नाही. तेव्हा तिने साध्या आवाजात सांगितलं, ‘ही रिकामी आहे.’

बारक्या, हॉलमध्ये एवढी शांतता मी लिफ्ट बंद पडल्यावरच ऐकली आहे.

पुढचं वाक्य काडीचं होतं, पण पोरगं विसरलं. त्याच्या मनात आलं ते त्याने विचारलं. ‘तुला कसं कळलं?’

‘मी उचलली ना.’

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. माझ्या शेजारचे एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, ‘अरे, खरंच की, त्यालाच कळणार.’ त्यांना इतका आनंद झाला होता, जसं काही त्यांनीच शोधलं.

एक घोटाळा मात्र झाला. शिपाई चौकीत गेलाच नाही, ठसे शोधायची गरज उरली नाही, आणि नाटक ठरल्यापेक्षा बारा मिनिटं आधी संपलं. बाई पडद्याच्या बाजूने घड्याळ बघत होत्या. मग मुख्याध्यापकांनी भाषण करून वेळ भरून काढला. ते भाषण नसतं तर कार्यक्रम निर्दोष झाला असता.

परत येताना मुंगी बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. मला किती वर्षांनी असं वाटलं की आता कुठे काही घासत नाही. वर जातानाही नाही आणि खाली येतानाही.

तू फोनवर तिला विचारलंस की सतराव्या पुस्तकात गोण्याचं काय करू. ती म्हणाली, बारीक करू नका. मीही तेच म्हणेन. त्याला केळं खाऊ दे, धडपडू दे, लोक हसले तर हसू देत, तुझं हसवणं चांगलं असतं. फक्त त्याला मधूनमधून विचारत जा, तुला काय वाटतं. आणि तो चित्रातला मस राहू दे. तो माझा आहे.

येत्या रविवारी आम्ही तिघं तुझ्याकडे येतो आहोत. साडेदहाची बस आहे, जेवायच्या वेळेला पोचू. काही करायला जाऊ नकोस, तुझी वहिनी सगळं घेऊन येते आहे. मुंगीने बाकीच्या पंधरा पुस्तकांतल्या चुकांची यादी केली आहे. तीन पानं झाली. ऑपरेशन झालेल्या माणसाला एवढं ऐकवू नये असं मी तिला सांगितलं, पण ती म्हणाली, काकाला कुठे पळून जाता येणार आहे.

त्या यादीत चौथं पुस्तक नाही. तिला त्यात काही सापडलं नाही. ते पुस्तक निघालं तेव्हा तू मला विचारलं होतंस, दादा, चोर कधी ओळखलास? मी म्हणालो होतो, पहिल्या दहा पानांत. तू तेव्हा केवढासा झाला होतास.

मला शेवटच्या पानापर्यंत कळला नव्हता. मी ते पुस्तक तीनदा वाचलं आहे आणि तिन्ही वेळा वाटलं, याला हे सुचलं कसं? फोनवर हे मला म्हणता आलं नसतं. मुंगीला सांगू नकोस.

दादा